होळीच्या आधीचा आठवडा, मुक्काम तळोदा

सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक रक्ताचा आजार. त्याच्या तपासणीला याच्यासारखी वेळ नाही. गुजरातेत ऊसतोडीला गेलेली माणसं होळीला हमखास घरी येतात, आणि भोंगऱ्या बाजाराला, म्हणजे होळीआधीच्या आदिवासी बाजाराला, पाड्यापाड्यांवरून खाली उतरतात. दिवाळीनंतर शिबिर लावा, म्हातारीकोतारी आणि कोंबड्या तेवढ्या भेटतील. हे मला धडगावकडच्या एका आशा सेविकेने शिकवलं, कुठल्या परिषदेत नव्हे.

आज गर्दी चांगली झाली. नळीत द्रावण, त्यात बोटातल्या रक्ताचा थेंब, नळीमागे काळ्या रेघांचा कागद. रेघा स्वच्छ दिसल्या तर सुटला. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या की नाव वेगळ्या वहीत. माणूस वाहक (आई किंवा बाप एकाकडूनच दोष आलेला, सहसा आजारी नसलेला) की रुग्ण, हे मात्र नळी सांगत नाही. त्यासाठी एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी यंत्रावरची तपासणी. आजाराचं मूळ म्हणाल तर हिमोग्लोबिनमधल्या बीटा ग्लोबिन या प्रथिनाच्या सहाव्या जागी ग्लुटामिक अ‍ॅसिडऐवजी व्हॅलिन, बस एवढाच फरक! 1 जुलै 2023 ला शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने 2047 पर्यंत हा आजार हटवायचं ठरवलंय. तपासणीचा वेग त्यामुळे वाढला, हे खरं. पण ज्यांना आजार आहेच, त्यांचं काय?

दुपारी एक पोरगी आली. निदान जुनंच. दुखणं उसळलं की जवळ असेल त्या गावी भरती, लागलं तर रक्त. किती पिशव्या चढल्या त्याचा कागद नाही. बाप बोटं मोजत बसला आणि मधेच थांबला. आता म्हणे तिला रक्त जुळतच नाही.

मी रक्तगट जुळवणारी डॉक्टर, माझं काम इथूनच सुरू होतं. ए, बी, ओ आणि आरएच डी जुळलं की पिशवी लावतात. पण तांबड्या पेशीवर लहान सी, मोठा ई, केल, किड, डफी असे कितीतरी प्रतिजन, म्हणजे पेशीची ओळख सांगणाऱ्या खुणा, असतात. परके प्रतिजन वारंवार आत गेले की काही रुग्णांचं शरीर त्यांच्याशी लढणारी प्रथिनं, म्हणजे प्रतिपिंडं, तयार करतं. मग पुढची पिशवी शोधताना रक्तपेढीची रात्र जाते. कालांतराने ही प्रतिपिंडं तपासणीत दिसेनाशीही होतात, म्हणून जुना कागद लागतो. तोच प्रतिजन असलेलं रक्त पुन्हा गेलं तर ती उसळून उठतात आणि काही दिवसांनी चढवलेल्या पेशी फुटू लागतात.

अमळनेरची आत्या दरवेळी विचारते, "बाई, तू डाक्टर शे ना, मंग दवाखाना काबर टाकत नही?" तिला मी मुंबईच्या केईएम रुग्णालयाची गोष्ट सांगते. कोणाचंच रक्त जुळेना म्हणून डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या नमुन्यांचा पिच्छा पुरवला आणि 1952 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातून बॉम्बे रक्तगट जगाला कळला. साध्या तपासणीत हा गट ओ वाटतो, पण त्याला ओ गटाचं रक्तही चालत नाही, कारण पेशीवर एच प्रतिजनच नसतो. आत्या ऐकते, भरीत-भाकरी पुढे सरकवते, आणि पुन्हा दवाखान्यावर येते. तिचंही चूक नाही. न जुळलेल्या नळीच्या मागे लागणं हा धंदा म्हणून कोणाला पटवायचा?

संध्याकाळी बाप म्हणाला, तिचा भाऊ बारडोलीहून आलाय, त्याचंच घ्या. भावाचे प्रतिजन जुळण्याची शक्यता बाहेरच्यापेक्षा जास्त, हे बरोबर. पण रक्ताच्या नात्यातली पिशवी आधी रेडिएशन देऊनच वापरावी लागते, नाहीतर दात्याच्या लिम्फोसाइट, म्हणजे एका जातीच्या पांढऱ्या पेशी, रुग्णाच्या शरीरावरच उलटू शकतात. शिवाय पुढेमागे अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा विचार झाला, तर भावाचं रक्त आधी न दिलेलंच बरं. आणि तो स्वतः वाहक निघाला तर तिला ते रक्त द्यायचंच नाही. जुळणारे दाते तिच्याच समाजात सापडण्याची आशा जास्त, वाहकही तिथेच जास्त, आणि ॲनिमियामुळे रक्त देऊ शकतील असे थोडे. ही गाठ सुटल्याशिवाय दात्यांची यादी कागदावरच राहणार.

उद्या बाजारातच टेबल मांडायचं ठरलंय. भावाचा नमुना आधी, मग त्याच्या मित्रांचे. ओ गटाचे निघाले तर केल आणि आरएचचा पूर्ण पट लगेच काढून घेते. मोबाइल नंबर दोन-दोन लिहायचे, होळी झाली की परत सगळे गुजरातेत.