‘ई’च्या खालचे सात लिटर

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात माझं मीटर दुरुस्तीचं दुकान आहे. मीटर म्हणजे गाडीच्या डॅशबोर्डमधलं; वीजबिलाचं समजून येणारेही अधूनमधून असतात. जीप, ट्रॅक्टर, फियाटपासून आताच्या गाड्यांपर्यंत हजारो मीटर उघडले, त्यातला परवाचा एक मनातून जात नाही.

सकाळी दहाच्या सुमारास बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा 1998 ची मारुती झेन घेऊन आला. गाडी वडिलांची. वडील जाऊन आठ महिने झालेले. हातात ऑनलाइन मागवलेलं पाकीट, त्यात पांढऱ्याशुभ्र डायलांचा संच. “मामा, हे बसवायचंय. संध्याकाळी आईला घेऊन गगनबावड्याला जायचंय, तोवर होईल नव्हं?”

“होईल की,” म्हटलं. “गाडीला दुसरं काय?”

“काही न्हाई. तेवढं एफचं बघा. टाकी फुल्ल केली तरी काटा एफला कधी टेकतच न्हाई.”

डायल बदलणं म्हणजे स्टिकर चिकटवणं, असं बऱ्याच जणांना वाटतं. खरं काम असतं काट्याचं. झेनसारख्या जुन्या गाडीत गिअरबॉक्सकडून केबल येते, ती मीटरमध्ये एक लोहचुंबक फिरवते. चुंबकाला न टेकता त्याच्यावर ॲल्युमिनियमची वाटी असते आणि वाटीच्या दांडीवर काटा. चुंबक फिरला की वाटी ओढली जाते आणि तिला मागे धरून ठेवते केसाएवढी बारीक स्प्रिंग. या ओढाताणीत काटा जिथे थांबतो तो आपला वेग. गाडी उभी असताना काटा शून्याच्या पिनेला टेकलेला दिसतो, पण तो तिथे आरामात नसतो. स्प्रिंग त्याला आणखी खाली ओढत असते. म्हणून काटा काढण्याआधी तो हलक्या हाताने पिनेवरून उचलून पलीकडे सोडायचा आणि जिथे जाऊन स्थिरावेल तिथे खूण करायची. ती त्याची खरी जागा. ज्यांना हे ठाऊक नसतं ते नवा डायल घालून काटा सरळ शून्यावर दाबतात. मग तो ताण निघून जातो आणि मीटर कायम जास्त वेग दाखवत राहतं.

मीटर बाहेर काढलं, काच उघडली, टेबलावर पांढरं फडकं अंथरलं. काटे काढायला मी दोन चहाचे चमचे वापरतो. काट्याच्या टोपीखाली दोन्ही बाजूंनी सरकवायचे आणि एकाच वेळी दाबायचं. एका बाजूने जोर लागला तर दांडी वाकते आणि मीटर गेलंच म्हणून समजा. डायलला ओरखडा पडू नये म्हणून खाली जाड कागद. वेगाचा काटा निघाला. पेट्रोलच्या काट्याला हात घातला आणि थांबलो. टोपीच्या कडेला जुन्या खरचटण्याच्या दोन खुणा होत्या, समोरासमोर. हा काटा आधी कुणीतरी काढून परत बसवलेला होता. बाकीच्या काट्यांना मात्र खरचटणं नव्हतं.

तो विषय बाजूला ठेवून मी आधी नवे डायल मोजले. ही माझी सवय आहे आणि ती फुकट आलेली नाही. 2009 साली एका गिऱ्हाइकाच्या जीपला असेच शोभेचे डायल बसवताना टेंपरेचरचा काटा मी अंदाजाने लावला. बोटाच्या नखाएवढा खाली बसला असेल. राधानगरीकडून येताना इंजिन तापलं, काटा मधोमध, ड्रायव्हर निर्धास्त. इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, वाकलं. चूक माझी होती, दुरुस्तीचे पैसेही मी भरले, पण त्या माणसाचे ऐन लग्नसराईतले पंधरा दिवस बुडाले ते काही भरून देता आले नाहीत. तेव्हापासून टेंपरेचरचा सेन्सर थर्मामीटरबरोबर उकळत्या पाण्यात धरून पाहिल्याशिवाय काटा पक्का करत नाही, आणि कोनमापकाने तपासल्याशिवाय परका डायल घालत नाही.

नवा डायल चुकीचाच निघाला. शून्यापासून शंभरपर्यंतचा कोन मूळ डायलपेक्षा नऊ अंशांनी जास्त. म्हणजे गाडी शंभरने पळत असताना मीटर पंचाण्णवच्या आसपास दाखवणार. मीटरने थोडा जास्त वेग दाखवला तर एकवेळ चालतं, कमी दाखवलेला मुळीच चालत नाही. पोराला तो कोन दाखवला. त्याचा चेहरा उतरला.

“नाराज हू नको,” म्हटलं, “हाच पांढरा रंग, हीच अक्षरं ठेवून आपण नवा छापूया. आकडे मात्र तुझ्या जुन्या डायलच्या जागी.” शेजारी लेबलं आणि नेमप्लेट छापणारा माझा मित्र आहे. जुना डायल स्कॅन करून तो कॉम्प्युटरवर कोरल ड्रॉमध्ये आखायला बसला. पारदर्शक पॉलिकार्बोनेटवर यूव्ही छपाई करायची, म्हणजे मागचा दिवा आकड्यांतून नीट झिरपतो. ऑनलाइनच्या डायलला ते जमलं नसतं. त्याचा पांढरा इतका पातळ होता की रात्री प्रत्येक बल्बचा गोळा डोळ्यांवर आला असता.

तोवर मी पेट्रोलकडे वळलो. टाकीत पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट वरखाली होतो तसा विजेचा अडथळा बदलतो आणि काटा हलतो. मी फ्लोटची वायर सोडून तिथे माझी रेझिस्टन्सची डबी लावली, म्हणजे हवा तेवढा अडथळा हाताने लावता येतो. काटा ‘ई’वर, म्हणजे एम्प्टीवर, आणला आणि डबीवरचा आकडा पाहिला. तो रिकाम्या टाकीचा आकडा नव्हता. बराच लांब होता. खात्रीसाठी गाडी बाहेर मोकळ्यावर घेतली. आणली तेव्हाच काटा ‘ई’ला टेकलेला होता. बॅटरी सोडून टाकी कॅनमध्ये रिकामी केली. सात लिटरला थोडं कमी निघालं. पस्तीस लिटरच्या टाकीत सात लिटर असताना काटा टाकी रिकामी म्हणत होता. एफला न पोचण्याचं कारणही हेच, सगळा काटाच मागे सरकवून बसवलेला.

पोरगा कॅनकडे बघत म्हणाला, “बाबा म्हणायचे, आपली गाडी इमानी हाय. ई वर गेली तरी घरी पोचवत्या. मी पण तसाच पळवतो.”

मी म्हटलं, “आईला फोन लाव.”

फोन स्पीकरवर होता. मी विचारलं, “ताई, या गाडीचं मीटर पूर्वी कुणाकडून उघडलं होतं का?” पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मग त्या म्हणाल्या, “हा दोन वर्षांचा होता. ताप डोक्यात गेलेला, रात्री गगनबावड्याहून कोल्हापूरला आणत होतो. वाटेत पेट्रोल संपलं. पाऊस. ह्यांनी याला छातीशी धरून चालत गाव गाठलं. दुसऱ्या आठवड्यात ते कुठल्यातरी मिस्त्रीकडे गेले आणि काटा खाली करून आणला. मला म्हणाले, आता ही गाडी आधीच रडंल. याला सांगायचं राहूनच गेलं.”

पोरगा दुकानाच्या पायरीवर जाऊन बसला. माझा मदतनीस चहा आणायला गेला.

मला मात्र कोडं पडलं. काटा खोटा बसवायचा नाही ही माझी पंधरा वर्षांची शपथ. आणि काटा खरा केला तर? हा पोरगा लहानपणापासून ‘ई’च्या खाली गाडी पळत असलेली पाहत आलाय. त्याच्या डोळ्यांना तीच सवय. काटा खरा करून दिला, तर सवयीने तो ‘ई’वर गाडी पळवणार आणि पहिल्याच आठवड्यात आईसकट घाटात उभा राहणार. सांगून भागत नाही. पाय ॲक्सिलरेटरवर असताना सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहतं?

मित्राच्या स्क्रीनवर डायल अजून अर्धाच होता आणि तिथेच वाट सापडली. काटा खरा ठेवायचा, पाटी बदलायची. रिकाम्या टाकीला काटा जिथे येतो तिथे नुसता तांबडा ठिपका, अक्षर नाही. सात लिटरला जिथे येतो तिथे ‘ई’. दोहोंच्या मध्ये तांबडी बारीक पट्टी. आणि ‘एफ’ फुल्ल टाकीच्या खऱ्या जागी. पोराला कागदावर काढून दाखवलं. त्याने बराच वेळ पाहिलं, मग म्हणाला, “असंच करा मामा.”

तीन वाजता छापील डायल हातात आला. शाई कोरडी आहे ना हे बोटाने नव्हे, कापसाने पाहिलं. टेंपरेचर पाण्यात तपासून घेतलं. वेगाचा काटा पिनेपलीकडच्या खुणेवर बसवला आणि मग उचलून पिनेवर आणला. पेट्रोलचा काटा टाकी रिकामी असतानाच ठिपक्यावर बसवला. मग कॅनमधलं पेट्रोल परत ओतलं आणि पोराला म्हटलं, “चावी फिरव.” काटा तांबड्या पट्टीतून सावकाश वर आला आणि ‘ई’च्या रेघेवर थांबला. केसभरही पुढेमागे नाही.

मोबाइलचा जीपीएस लावून हायवेला एक फेरी मारली. साठला मीटर त्रेसष्ट दाखवत होतं. मूळ डायलनेही एवढंच दाखवलं असतं. आल्यावर त्याने पैसे विचारले, छपाईचे आणि माझे मिळून दिले. जुना डायल टाकून देऊ का, म्हणून मदतनिसाने विचारलं तर त्याने तो हातातून काढून घेतला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवला.

साडेपाचला गाडी निघाली. घर उजवीकडे होतं. मी पायरीवरून बघत राहिलो. त्याने डावीकडचा इंडिकेटर लावला आणि पंपाच्या रस्त्याला वळला.