सिस्टर, तुम्ही लेखी दिलं होतंत का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीचं ट्रेनिंग मी घेते, तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्या म्हणून बजावते, आणि चहाच्या वेळी नवीन मुलींपैकी कोणीतरी हळूच विचारतेच, "सिस्टर, तुमच्या बाबतीत कधी झालं? लेखी दिलं होतंत?" दरवेळी मी ड्युटीची ओव्हर, म्हणजे आधीच्या पाळीकडून पेशंटची माहिती, घ्यायची वेळ झाली म्हणून सटकते.

दिलं होतं. काय दिलं ते ऐका.

2011 चा मार्च. मी 23 वर्षांची, उपनगरातल्या एका खाजगी हॉस्पिटलच्या आयसीयूत. 1973 मध्ये वॉर्डबॉयने हल्ला केल्यापासून बेशुद्धावस्थेत असलेली केईएमची नर्स अरुणा शानबाग, तिच्या दयामरणाच्या अर्जावर सुप्रीम कोर्टाचा निकाल त्याच महिन्यात आला होता. आमच्या मेसमध्ये दुसरा विषय नव्हता.

रात्री तीनला एका पेशंटसाठी फेंटॅनिल, म्हणजे कुलपात ठेवायचं जबर वेदनाशामक इंजेक्शन, हवं होतं. मी डबल लॉकचं कपाट उघडलं, ॲम्प्यूल, म्हणजे औषधाच्या काचेच्या कुप्या, मोजल्या, एक हातात घेतली. मागून डॉक्टर आले. वाटलं, सही करायला आले असतील. मग त्यांचा हात कमरेवर आला आणि तिथे थांबला नाही. मी ओरडले नाही. झटकलं, ढकललं असं मी बरीच वर्षं मैत्रिणींना सांगितलं, ते खोटं. माझं सगळं लक्ष त्या ॲम्प्यूलवर होतं, कारण फुटली तर हिशेब द्यावा लागतो. फुटलीच. बोट कापलं. ते मागे सरकले आणि म्हणाले, "सांभाळून, सिस्टर."

नार्कोटिक रजिस्टरमध्ये फुटलेल्या ॲम्प्यूलची नोंद लागते. मी लिहिलं, 'हाताळताना फुटली, नग 1.' काचा पाकिटात घालून वर पट्टी चिकटवली. साक्षीदाराची सही लागते. ती त्यांनीच केली, ऐसपैस. खाली वेळ, 3.10.

मेट्रनबाईंना तोंडी सांगितलं. त्या म्हणाल्या, "अरुणाचं काय झालं बघ. तुझं नशीब थोर." बाई वाईट नव्हत्या. पुन्हा त्या डॉक्टरांबरोबर मला नाईट लावली नाही, आणि मी बाईंचे उपकार मानले. आज त्याचाच जास्त राग येतो. 1973 च्या त्या हल्ल्याचा खटलासुद्धा चोरी आणि खुनाच्या प्रयत्नाचा झाला होता, बलात्काराचा नाही, हे मला पुढे कळलं.

मग पोलिसांत का नाही गेलीस? नोकरी का नाही सोडलीस? माझी मूळ सर्टिफिकेटं त्यांच्या तिजोरीत होती, बाँड होता, घरी बाबांच्या कर्जाचा हप्ता होता. कामाच्या जागी लैंगिक छळ रोखायचे नियम घालून देणारा सुप्रीम कोर्टाचा विशाखा निकाल 1997 चा, पण तो आम्हाला कुणी सांगितलाच नव्हता. कायदा आला तो 2013 मध्ये. हे सगळं खरं आहे. तरी सांगताना सबबी दिल्यासारखं वाटतं, आणि सबब म्हटलं की चिडते. तुम्हीही त्या कपाटापाशी उभ्या राहून बघा एकदा.

तुम्ही मला खडूस म्हणता, ठाऊक आहे. मी दाराकडे पाठ करून औषध भरत नाही. लोकलच्या लेडीज डब्यातही पाठ पत्र्याला टेकवते. किती वर्षं नीट झोप नव्हती, आणि मी ते नाईट ड्युटीवर ढकललं. समुपदेशक बाईंकडे गेले तेव्हा पहिले दोन तास फक्त ॲम्प्यूलबद्दल बोलले.

आणि तरी, परवा एक मुलगी (कोण ते विचारू नका, सांगायची मुभा नाही) कागद घेऊन माझ्याकडे आली, तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "कुणी पाहिलं का?" तिने नाही म्हणून मान हलवली, कागदाची घडी घातली आणि युनिफॉर्मच्या खिशात ठेवली. मी तिला दोनदा फोन केला. ती म्हणते, विचार करते. मुदतीतले 31 दिवस उरलेत.