दाढी सगळ्यांसमोर लावायची

दर शुक्रवारी मुलं घरी गेली की माझ्याकडे एक काम असतं, ‘आठवड्याची वार्ता’ लिहायचं. एकच पान, हाताने लिहिलेलं. त्याचा फोटो काढून पालकांच्या ग्रुपवर टाकायचा. या आठवड्यात काय केलं, पुढच्या आठवड्यात काय करणार, घरून काय पाठवायचं, एवढंच त्यात असतं. मी कोल्हापुरात एका लहानशा बालवाडीत छोट्या शिशूची ताई आहे. बाकी वर्षभर हे पान अर्ध्या तासात उरकतं. डिसेंबरच्या शेवटी मात्र ते लिहिणं म्हणजे आधी आख्खा आठवडा नीट लावून घेणं असतं. २०२४ सालचा तो आठवडा कसा पार पडला ते सांगते. दुसऱ्या बालवाड्यांतल्या तायांना त्यातलं काही उपयोगी पडेल.

आधी कॅलेंडर बघा. २० डिसेंबर, शुक्रवार, गाडगेबाबांची पुण्यतिथी. २४ ला मंगळवारी साने गुरुजींची जयंती. २५ ला नाताळ, म्हणजे सुट्टी. २६ ला मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार, म्हणजे निम्म्या आया उद्यापनाच्या गडबडीत, मुलं एक तर लवकर न्यायला येणार किंवा पाठवणारच नाहीत. त्यामुळे नाताळचं जे काही करायचं ते सोमवार-मंगळवारातच बसवायला हवं होतं.

आमच्याकडची मुलं किती लहान असतात तेही सांगायला हवं. महाराष्ट्रात नर्सरीच्या प्रवेशासाठी त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला ३ वर्षं पूर्ण व्हावी लागतात. त्यामुळे डिसेंबरात जन्मलेलं मूल जूनमध्ये येतं तेव्हा अडीच वर्षांचं असतं आणि नाताळाच्या सुमाराला कुठे तिसरा वाढदिवस होतो. वर्गात अशी दोन-तीन पोरं असतातच. त्यांना स्टेजवर उभं करून नाच बसवणं हा शुद्ध छळ आहे, त्यांचाही आणि आमचाही. मी हे मोठ्या ताईंना स्पष्ट सांगितलं. स्टेज नको, माईक नको, पालकांसाठी खुर्च्या नकोत. गॅदरिंग फेब्रुवारीत आहेच. त्या म्हणाल्या, “मग पालकांना दाखवणार काय?” म्हटलं, वार्ता दाखवू. त्या हसल्या, पण हो म्हणाल्या.

शुक्रवारी गाडगेबाबा झाले. छोटे खराटे आमच्याकडे आहेत, ते मुलांच्या हातात दिले आणि अंगणातला बदामाचा पाला झाडायला लावला. झाडून झालं ते परत पसरवायचं आणि परत झाडायचं, हा खेळ मुलांनीच काढला. मावशींना तो अजिबात आवडला नाही. गाडगेबाबा कोण होते ते मी दोन वाक्यांत सांगितलं. त्या वयाला दोन वाक्यं पुरतात.

सोमवारी झाड. बाजारात प्लॅस्टिकची मिळतात, पण त्यात मुलांच्या हाताला काहीच काम राहत नाही. एका पालकांच्या शेताच्या बांधावर सुरूची झाडं आहेत, त्यांनी एक फांदी आणून दिली, ती मातीच्या कुंडीत रोवली. शिवाय भिंतीवर एक मोठं झाड केलं ते मुलांच्या पंजांचं. हिरव्या पोस्टर रंगात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकायचे, म्हणजे हात पटकन निघतात. पंजा बोटं खाली करून उमटवायचा, खाली रुंद आणि वर निमुळती अशा ओळी लावत जायचं. सगळ्यात वरचा पंजा सगळ्यात लहान पोरीचा. खळ आम्ही मैद्याची घरीच शिजवतो. जुने लोक खळ टिकावी म्हणून त्यात मोरचूद घालायचे. मुलांच्या हातात जाणाऱ्या खळीत ते कदापि घालू नये, ते विष आहे आणि मुलं खळ चाटतातच. रोज वाटीभर ताजी करायची आणि उरलेली टाकून द्यायची. चांदण्या विकत आणल्या नाहीत. दिवाळीतला चांदणीच्या आकाराचा आकाशकंदील माळ्यावर असेल तर पाठवा, असं आधीच्या वार्तेत लिहिलं होतं. इतके आले की व्हरांडा भरला.

त्याच दिवशी सांताची दाढी केली. हे मी मुद्दाम मुलांच्या हातून करून घेतलं. जुन्या बनियनच्या कापडाचा तुकडा, त्यावर खळ आणि कापूस. कापूस बोटाला चिकटतो, नाकाला चिकटतो, शेजाऱ्याच्या केसांत जातो. दाढीपेक्षा मुलांवरच जास्त होता. पण दुसऱ्या दिवशी जो माणूस ती लावून येणार, त्याची दाढी ‘आमची’ होऊन गेली.

गोष्ट कोण सांगणार हा प्रश्न होता. मला सांता माहीत, पण नाताळची मूळ गोष्ट मी सांगितली असती तर ती पुस्तकी झाली असती. वर्गातल्या एका मुलाची आई न्यू शाहूपुरीतल्या वायल्डर मेमोरियल चर्चला जाते. तिच्या सासरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या इथलीच. अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले, त्यांच्या नावाचं हे चर्च. तिला विचारलं, तर ती येताना डबाभर करंज्या घेऊनच आली. नाताळचा फराळ आपल्या दिवाळीच्या फराळासारखाच असतो हे निम्म्या वर्गाला तेव्हा कळलं. खरं सांगायचं तर आमच्या दोन तायांनाही.

तिने गोष्ट सांगितली ती गोठ्यापासून. आईबाबांना राहायला जागा मिळाली नाही, म्हणून बाळ गोठ्यात जन्मलं, त्याला गव्हाणीत निजवलं. इथे कोल्हापूरच्या मुलांचा फायदा. आमच्या वर्गातल्या कित्येकांनी गंगावेशीत किंवा मिरजकर तिकटीला म्हशीची धार काढून समोर दिलेलं दूध प्यायलेलं आहे. गोठा, गव्हाण, वैरण हे त्यांना चित्र काढून सांगावं लागत नाही. आम्ही शाडूच्या मातीचा गोठा करायला बसलो. एकाने गाय केली, एकीने शेळी केली. मग एक पोरगा उठला आणि म्हणाला, “म्हस कुठाय?”

त्या आईने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. मग तीच म्हणाली, लूकच्या शुभवर्तमानात गव्हाणीचा उल्लेख आहे, मेंढपाळांचा आहे, पण गाय किंवा गाढव तिथे होतं असं कुठेच लिहिलेलं नाही. ते पुढे लोकांनी आणलं. हे मला नवीन होतं. घरी जाऊन वाचलं तर संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी खरा बैल आणि खरं गाढव बांधून हा देखावा मांडला होता. म्हणजे ज्याने त्याने आपल्या गावातली जनावरं बांधायची ही रीत जुनीच आहे. आमच्या गोठ्यात म्हैस बांधली. शिंगं मोठी झाली म्हणून ती सारखी पुढे कलंडायची, शेवटी तिला भिंतीला टेकवली.

सगळं असं गोड चाललं होतं असं नाही. सोमवारी दुपारी एक आजोबा नातीला न्यायला आले आणि दारातच म्हणाले, “काय वो बाई, आता ह्ये बी शिकवायला लागला का पोरांस्नी?” मी वाद घातला नाही. भिंतीवरचा महिन्याचा तक्ता दाखवला. खंडोबाची चंपाषष्ठी, दत्तजयंती, गाडगेबाबा, साने गुरुजी, नाताळ, खाली जानेवारीत संक्रांत. ईद आली की शीरखुर्मा कुणाकडून येतो तेही सांगितलं. त्यांनी तक्ता बराच वेळ वाचला. मग म्हणाले, “दत्तजयंतीला वाडीला न्यायचं हुतं की पोरांस्नी.” नृसिंहवाडीला तीन वर्षांची पोरं, जयंतीच्या गर्दीत! मी हसून विषय बदलला. त्यांचं समाधान झालं की नाही ते मला आजही सांगता येणार नाही, पण नात मंगळवारी आली.

पोशाखाचा आणि भेटींचा प्रश्न त्याहून अवघड होता. दरवर्षी डिसेंबर लागला की आयांचे फोन सुरू होतात, सांताचा ड्रेस कुठे मिळेल, भाड्याने घेऊ का. ते नायलॉनचे झगे सकाळच्या थंडीत बरे वाटतात, अकरानंतर ऊन चढलं की मुलं खाजवून लाल होतात. वार्तेत लिहिलं, ‘घरात असेल तो लाल कपडा. बनियन चालेल.’ भेटींचंही तसंच. पुष्कळ ठिकाणी पालकांनी नाव घालून पुडकं गुपचूप द्यायचं आणि सांताने ते वाटायचं अशी पद्धत आहे. त्यात एकाला रिमोटची गाडी मिळते, दुसऱ्याला खोडरबर. तीन वर्षांच्या मुलाला किंमत कळत नाही, पण पुडक्याचा आकार बरोबर कळतो. म्हणून सगळ्यांना एकच भेट ठरवली, वर्तमानपत्राच्या पुडीत गुळाचा खडा आणि राजगिऱ्याचा लाडू. गुऱ्हाळं चालू होती, नवा गूळ आलेला होता. कुणीतरी भुईमुगाच्या शेंगा सुचवल्या, त्या मी घेतल्या नाहीत. अख्खा शेंगदाणा या वयाच्या मुलाच्या घशात अडकतो, काहींना चालतही नाही. केकही घरचाच, बिनअंड्याचा. त्यावरचे फोन आधीच येऊन गेले होते.

मंगळवारी पहिला तास साने गुरुजींचा. फोटोला फूल वाहिलं आणि गोष्टीऐवजी मुलांना विचारलं, सकाळी आई काय करते? “पाणी तापवती.” “चपात्या करती आन् पप्पांना उठवती.” “मोबाईल बघती.” ही उत्तरं मी जशीच्या तशी वार्तेसाठी टिपून घेतली, फक्त नावं गाळून.

मग सांता. आमचे रिक्षामामा सांता व्हायला तयार झाले होते, अट एकच. “बाई, मिशा काय मी काढणार न्हाई. वर दाढी कशी बसायची?” त्यांच्या मिशा बघण्यासारख्या आहेत. म्हटलं, मिशा राहू द्या. लहान मुलं सांताला का घाबरतात, तर ओळखीचा चेहरा गायब होतो आणि त्या जागी लाल-पांढरं मोठं काहीतरी आवाज करत दारातून आत येतं. म्हणून मामांनी कपडे बदलले ते वर्गातच, मुलांच्या मधोमध चटईवर बसून. शर्टावरून लाल झगा, मग टोपी, मग आमची दाढी. दाढीच्या दोऱ्यांची गाठ मुलांनी मारली, म्हणजे मारायचा प्रयत्न केला. काळ्या मिशांखाली पांढरी दाढी, असा सांता कोल्हापुरातच बघायला मिळेल. मी मामांना दोन गोष्टी बजावल्या होत्या : उभं राहायचं नाही आणि स्वतःहून कुणाला उचलायचं नाही. ज्याला यायचं तो येईल.

बहुतेक आले. एक जण मावशींच्या पदरामागे होता तो शेवटपर्यंत तिथेच राहिला, त्याची पुडी मावशींनी घेतली. त्याला कुणी पुढे ढकललं नाही. एका मुलीने दाढी ओढून बघितली, सुटली, मग सगळ्यांनी मिळून ती परत बांधली. “सांता, रिक्षा कुठं लावलीस?” या प्रश्नाला मामांनी “कोपऱ्यावर” असं खरं उत्तर दिलं. मामांना सांता म्हणायचं की मामा याचा निकाल कुणी लावला नाही, दोन्ही चालू होतं.

फोटोंचं एक सांगते, कारण यावर आमच्यात दरवर्षी चर्चा होते. पालकांना आपल्या मुलाचा सांताबरोबर फोटो हवा असतो. पण एकेका मुलाला मांडीवर बसवून फोटो काढायला गेलं की सगळा वेळ त्यातच जातो आणि रडारड तिथेच सुरू होते. आम्ही हातांचे फोटो काढले. खळीतले हात, रंगातले हात, दाढी बांधणारे हात. एक फोटो सगळ्या वर्गाचा, तोही प्रवेशाच्या वेळी ज्यांनी फोटोला लेखी परवानगी दिली आहे त्यांचाच, खाली नाव नाही. दोन आयांनी नाराजी कळवली. तिसरीने विचारलं, हिरवा पंजा कुठला आमच्या बाळाचा? वर्गात येऊन शोधा म्हटलं. गुरुवारी उद्यापनाच्या गडबडीतही ती आली, आणि तिच्यामागून आणखी काही जणी. प्रत्येकीने आपल्या मुलाच्या पंजावर हात ठेवून बघितला.

शुक्रवारी वार्ता लिहायला बसले तेव्हा भरपूर साठलं होतं. मी नियम ठेवलाय की मुलाने हाताने काय केलं आणि तोंडाने काय म्हटलं तेवढंच लिहायचं. ‘मुलांनी आनंदाने सहभाग घेतला’ असं वाक्य आलं की खोडायचं, कारण ते वाचून घरी मुलाला विचारायला काहीच हाती लागत नाही. त्या पानावरच्या काही ओळी अशा होत्या : ‘आम्ही पाला झाडला आणि परत पसरला. शाडूची म्हैस केली, ती सारखी पडते. मुलाला विचारा, का पडते? सांताची दाढी आम्ही बनवली. नाताळच्या करंजीत काय असतं ते मुलांना माहीत आहे. पुडीतला गूळ घरी आला का? नसेल तर रिक्षात संपला असेल.’

म्हशीच्या प्रश्नाला ग्रुपवर सगळ्यात जास्त उत्तरं आली. एका आजीने आवाजात संदेश पाठवला की म्हशीची शिंगं मागे वळवा, ती कुठल्याही म्हशीची पुढे नसतात, मग पडणार नाही. सोमवारी वळवली. उभी राहिली.

पानाच्या तळाशी पुढची सूचना होती : ३ जानेवारी, सावित्रीबाई फुले जयंती. ती टाकून दहा मिनिटं झाली नसतील, एका वडिलांचा प्रश्न आला, सावित्रीबाईंचा ड्रेस भाड्याने कुठे मिळेल? लिहिलं, घरातली ओढणी डोक्यावर घ्या, पुरे. आणि पाटी-पेन्सिल मात्र नक्की पाठवा.