ऑक्सिजन पेशीत जाऊन नेमकं करतो काय?

श्वासातला ऑक्सिजन रक्तातून पेशीत जातो इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं, खरी गंमत पुढे आहे. ग्लुकोजचे आधी दोन तुकडे होतात, त्यात निव्वळ २ एटीपी (पेशी ऊर्जेसाठी वापरते ते रेणू) मिळतात, ऑक्सिजन लागतच नाही. मग मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघरात, त्यातले इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे सरकत जातात, त्या ऊर्जेवर प्रोटॉन आतल्या पडद्यापलीकडे ढकलले जातात आणि परत येताना एटीपी बनवणारं एटीपी सिंथेज नावाचं एन्झाइम चक्क गरागरा फिरवतात, धरणाच्या पाण्याने टर्बाइन फिरावं तसं! किती भारी आहे हे!! पीटर मिचेल या ब्रिटिश जीवरसायनशास्त्रज्ञाने ही प्रोटॉनची कल्पना १९६१ मध्ये मांडली, नोबेल मिळालं १९७८ला. आणि ऑक्सिजन? तो अगदी शेवटी उभा असतो, आलेले इलेक्ट्रॉन घेतो, त्याचं पाणी होतं. तो नसला की मागची सगळी रांग तुंबते, म्हणून तर मेंदूचं काही मिनिटंसुद्धा त्याच्यावाचून निभत नाही.