भित्तिचित्रं व्हीआरमधून शिकवताना

भित्तिचित्र पुस्तकातून शिकवता येत नाही, असं माझं ठाम मत आहे. दोन मजली भिंतीवरचं चित्र पानावर छापलं की तळहाताएवढं होतं आणि मग चौकटीतल्या कुठल्याही चित्रासारखं दिसू लागतं. मान वर केल्याशिवाय त्याचा अर्थच लागत नाही. मालवण तालुक्यात किनाऱ्यावरच्या एका शाळेत मी चित्रकला शिकवतो. मोठी भित्तिचित्रं दाखवायला मुलांना दिल्लीला नेणं परवडणारं नव्हतं, म्हणून आठवी-नववीसाठी व्हीआरचा, म्हणजे डोळ्यांना खोकं लावून आपण त्या जागीच उभे आहोत असं भासवणाऱ्या तंत्राचा मार्ग धरला.

साधनं साधीच होती. पुठ्ठ्याची खोकी, आत दोन भिंगं, समोर मोबाइल. गूगलने 2014 मध्ये हा नमुना आणला आणि 2021 मध्ये स्वतः विकणं थांबवलं, पण त्याच बनावटीची खोकी अजून मिळतात. खरी अडचण मोबाइलची. त्यात जायरोस्कोप, म्हणजे फोन कुठे वळला ते ओळखणारा भाग, नसेल तर मान वळवली तरी चित्र जागचं हलत नाही आणि स्वस्त फोनमध्ये तो बऱ्याचदा नसतो. पालकसभेला आलेल्यांचे फोन एकेक करून तपासले, चालणारे तासापुरते मागून घेतले. शाळेत रेंजचा भरवसा नाही, त्यामुळे सगळे फोटो आधीच उतरवून ठेवले. मुलांना स्टुलावर बसवलं. डोळ्यांना जग फिरताना दिसतं आणि कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला शरीर स्थिर जाणवतं, त्यातून काहींना गरगरतं. दोन-तीन मिनिटं झाली की खोकं पुढच्याकडे.

दिल्लीत नोकरीला असलेल्या आमच्या माजी विद्यार्थिनीने लोधी कॉलनीचे 360 अंशांचे, म्हणजे चहूबाजूंचं सगळं टिपणारे फोटो पाठवले होते. ब्रिटिशांनी 1940 च्या दशकात बांधलेली ही सरकारी वसाहत. स्टार्ट इंडिया फाउंडेशन या संस्थेने तिथे पन्नासहून अधिक भिंती रंगवून घेतल्या आहेत. पहिलं खोकं डोळ्यांना लावलेली मुलगी ओरडलीच, "सर, ह्यां केवढां मोठां!" मग तिने मागे वळून पाहिलं. पुस्तकात चित्राच्या पाठीमागे काही नसतं. इथे झाडं होती, उभ्या गाड्या होत्या, पलीकडच्या इमारतीची कमान होती. रस्त्यावरचं चित्र रस्त्यासकट पाहायचं असतं, हे मला वेगळं सांगावं लागलं नाही.

मुंबईच्या ससून डॉकची मात्र साधी छायाचित्रंच दाखवली. 1875 चा तो धक्का, तिथे 2017 मध्ये कलाप्रकल्प झाला आणि कोळी समाजातल्या माणसांचे मोठमोठे कृष्णधवल चेहरे भिंतींवर लागले. वर्गातली निम्मी मुलं मासेमारांच्या घरची. आपल्यासारखी माणसं एवढी मोठी करून लावतात, यावर ती बराच वेळ बोलत होती. उघड्यावरचं चित्र कायम टिकत नाही, हे सांगायला बर्लिनचं उदाहरण दिलं. तिथल्या भिंतीचा सुमारे 1.3 किलोमीटरचा तुकडा 1990 मध्ये चित्रकारांनी रंगवला. ऊनपावसाने तो खराब झाल्यावर 2009 मध्ये अनेकांनी आपली चित्रं पुन्हा काढली. आमच्याकडे एका पावसाळ्यात चिऱ्याच्या भिंतीवर शेवाळ चढतं, त्यामुळे हा मुद्दा मुलांना लगेच पटला.

सगळ्यात रंगलेला भाग पुढचा. बंदरावरच्या बर्फ कारखान्याची एक लांब भिंत आम्ही हेरली होती. तिच्यासमोर उभं राहून 360 अंशांचा फोटो घेतला आणि फिकट छापून मुलांना त्यावरच चित्र काढायला दिलं. असा फोटो कागदावर उलगडला की रुंदी उंचीच्या बरोबर दुप्पट होते आणि सरळ भिंत वाकते. मध्ये ती उंच दिसते, दोन्ही टोकांना निमुळती होते. वरची सरळ कड कमानीसारखी. मुलांनी आधी सरळ रेषेत होड्या काढल्या, कागदाचा फोटो मोबाइलवर घेऊन खोक्यात पाहिल्या, तर होड्या भिंतीवर वाकड्या झालेल्या. मग कागदावर वक्र आखले आणि खोक्यात त्या सरळ झाल्या. यथार्थदर्शन, म्हणजे सपाट कागदावर खोली आणि अंतर दाखवणं, मी वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवतो, पण ते इतकं हातात आलेलं क्वचितच पाहिलं. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणारी माणसं, सुरमई, शेजारच्या कुडाळ तालुक्यातल्या पिंगुळीच्या चित्रकथीतले (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची लोककला) टपोरे डोळे, असं बरंच काही त्या भिंतीवर आलं. एक सूचना करतो: रंगवलेल्या कागदाचा फोटो नेमक्या दोनास एक प्रमाणात कापायला हवा, नाहीतर सगळं ताणलं जातं.

इथवर आल्यावर खरी भिंत रंगवायची मागणी होणारच होती. मालमत्तेचं विद्रूपीकरण रोखणारा 1995 चा कायदा महाराष्ट्रात आहे, तो वर्गात समजावला. परवानगी मागणं हाही या कलेचा भाग मानावा, असं मला वाटतं. मुलांनीच अर्ज लिहिला आणि मालकांकडे जाताना खोकं सोबत नेलं. मालकांनी ते डोळ्यांना लावलं, सावकाश डावी-उजवीकडे पाहिलं. म्हणाले, "चित्र बरां आसा. पण टेम्पो मागे घेताना फाळको हय घासता. तीन फुटांच्या खाली काय काढू नकात."

मुलांनी तिथेच कागदावर तीन फुटांच्या उंचीची वक्र रेष आखली, दुसऱ्या दिवशी सगळ्या होड्या वर सरकवल्या आणि खालचा पट्टा गेरूच्या एकाच रंगाचा ठेवला. सुधारित चित्र पाहून मालकांनी अर्जावर सही केली. पाऊस संपून भिंत वाळली की दिवाळीच्या सुट्टीत काम सुरू करतोय.