सेलोटेपचा तास

लेक आठवीत असतानाची गोष्ट. शाळेतून आली आणि बूट काढता काढता म्हणाली, "आई, आज वर्गात सेलोटेप फिरवली." एकाच्या हाताला चिकटवायची, ओढून काढायची, पुढच्याच्या हाताला लावायची. पाच-सहा हात झाले की तिला केस, घाम, मळ लागतो आणि ती चिकटेनाशी होते. लग्नाआधी संबंध ठेवलेत तर तुमचंही असंच होणार, हा धडा. "शेवटी ती ज्याच्या हातात आली ना, त्याला सगळे हसले," ती म्हणाली. मी कुकर लावत होते, शिट्टी ठेवायची राहिली.

आम्ही टेक्सासात राहतो, डॅलसजवळ. इथला कायदाच सांगतो की लैंगिक शिक्षणात बाकी कशाहीपेक्षा संयमावर, म्हणजे लग्नाआधी संबंध न ठेवण्यावर, जास्त भर द्या. त्या वर्षी पालकांची लेखी संमतीही लागायची. ती मीच दिली होती, दोन मीटिंगांच्या मधे, न वाचता.

टेपपेक्षा मला खटकलं ते तिच्या वहीतलं वाक्य: संयम 100 टक्के परिणामकारक. माझी नोकरी औषधांच्या चाचण्यांचे आकडे तपासायची, त्यामुळे असेल. कंडोमचे दोन आकडे सांगतात. वर्षभर दर वेळी बिनचूक वापरला तर 100 पैकी 2 जोडप्यांत गर्भ राहतो; माणसं खरोखर जसा वापरतात तसा धरला तर 13. संयमाचा मात्र एकच आकडा, तोही बिनचूकवाला. आमच्याकडे गोळी घ्यायला विसरलेला रुग्णही हिशोबात धरावा लागतो. विसरलेले वगळायचे ठरवले तर औषध आहे त्याहून गुणकारी दिसू शकतं.

असा हिशोब अमेरिकेत झालेलाही आहे. 1996 च्या कायद्यानं निव्वळ संयमाच्या शिकवणीसाठी वर्षाला 5 कोटी डॉलर ठेवले. मग सरकारनंच अशा चार कार्यक्रमांची चाचणी करवली, मुलांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून: एकाला ही शिकवणी, दुसऱ्याला नाही. निकाल आला 2007 साली. दोन्ही गटांत निम्म्याच्या आसपास मुलं थांबलेली होती, आणि जी थांबली नाहीत त्यांचं पहिल्या वेळचं सरासरी वय दोन्हीकडे 14.9. दशांशसुद्धा हलला नाही! शिकवणीनं मुलं बिघडली असंही नाही, हे सांगायला हवं. 2009 चा एक शोधनिबंध तर मी दोनदा वाचला. लग्नापर्यंत थांबायची शपथ घेतलेल्यांना पाच वर्षांनी विचारलं, तर 82 टक्के म्हणाले, आम्ही कधी शपथ घेतलीच नव्हती. वागणं इतरांसारखंच, फक्त कंडोम वापरण्यात मागे.

माझ्या लेकीनं पंधराव्या वर्षी थांबावं असं मला वाटतंच. म्हणून तर चिडले.

पण टेक्सासला नावं ठेवणारी मी कोण? सांगलीत आमच्या बाईंनी प्रजननाचा धडा "घरी वाचून या" म्हणून संपवला होता. र. धों. कर्व्यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, आणि 2007 मध्ये त्याच महाराष्ट्रात सरकारनं शाळांमधलं लैंगिक शिक्षण थांबवलं. निदान इथे टेप तरी फिरवतात.

त्या रात्री जेवताना मी लेकीला 2 आणि 13 चा फरक सांगितला. नवरा ताटात बघून भात कालवत राहिला. ती म्हणाली, "म्हणजे टेपचा काही संबंधच नाही?" नाही म्हटलं. "मग त्याला उगाच हसलो आम्ही."

रविवारी आईचा फोन आला, तेव्हा नातीशी काय काय बोलले ते सांगितलं. पलीकडे बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाली, "मला तर लग्नाच्या आदल्या रात्री आत्या येऊन सांगून गेली, तो म्हणेल तसं वाग. झालं." आणि त्याच दमात, "बरं, तुझा कढीपत्ता जगला का गं या थंडीत?"