कमी पळालेली १९७७ ची लो रायडर घ्यायची असेल तर

'फक्त दोन हजार मैल' असं जाहिरातीत लिहिलं की गाडीचा भाव चढतो. मीटर मात्र सगळ्यात शेवटी बघायचा.

हार्ले-डेव्हिडसनची एफएक्सएस लो रायडर ही मोटरसायकल १९७७ मध्ये आली, तेव्हा कंपनी एएमएफ या दुसऱ्या अमेरिकन कंपनीच्या ताब्यात होती. शॉव्हलहेड नावाचं हार्लेचं दोन सिलिंडरचं इंजिन, ७४ घनइंच म्हणजे साधारण १२०० सीसी, सेल्फ आणि किक दोन्ही. कारखान्यातून ती राखाडी रंगात, टू-इन-वन (दोन पाइप एकात मिळणारा) सायलेन्सर लावून निघायची. पुष्कळ मालकांनी तो सायलेन्सर काढून टाकला, त्यामुळे मूळचा जागेवर असेल तर निम्मं काम झालं.

आधी नंबर. १९७० पासून फ्रेम आणि इंजिनवर एकच नंबर ठोकलेला असतो. त्याच्या शेवटी 'एच७' हवं: एच म्हणजे सत्तरचं दशक, ७ म्हणजे साल. नंबराभोवतीचा धातू घासून गुळगुळीत केलेला दिसला तर तिथूनच परत फिरा. मग आरसा आणि बॅटरी घेऊन इंजिनच्या पोटाखाली बघा. क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनच्या खालच्या पेटीच्या, दोन्ही अर्ध्यांवर सारखा आकडा असतो. वेगळा असेल तर एक अर्धा कधीतरी बदललेला आहे.

मैलांचा पुरावा अमेरिकन टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, मिळत नाही. इतक्या जुन्या गाडीला मीटरचा आकडा जाहीर करण्यातून सूट आहे, म्हणून तिथे नुसतं 'एक्झेम्प्ट' छापलेलं असतं. जुनी सर्व्हिसची बिलं मागा. किकचं रबर, ग्रिप आणि ब्रेकचा पेडल बघा. पेडल झिजून चकचकीत आणि मीटरवर दोन हजार, हे जमत नाही.

आता खरं दुखणं. ही गाडी पळून कमी आणि उभी राहून जास्त बिघडते. तिची ऑइलची टाकी इंजिनपासून वेगळी आणि उंचावर असते. गाडी बंद असताना टाकीतलं ऑइल अडवायला पंपात स्प्रिंगवर एक छोटी गोळी असते. वर्षानुवर्षं गाडी हलली नाही की गोळीच्या बैठकीवर कचरा बसतो आणि ऑइल थेंबाथेंबानं क्रँककेसमध्ये उतरतं. टाकी रिकामी दिसते, मालक वरून लिटरभर ओततो, आणि इंजिन सुरू झालं की ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) सगळं जमिनीवर! म्हणून वरून भरण्याआधी क्रँककेसचा बूच काढा आणि निघालेलं ऑइल मोजा. कपभर निघालं तर चालतं. अर्धा लिटर निघालं तर बैठक साफ करून गोळी आणि स्प्रिंग नवी टाकायची. नवं ऑइल एकाच ग्रेडचं, जाड: एसएई ५०, कडक उन्हाळ्यात ६०.

सुरू करण्याची घाई नको. दोन्ही प्लग काढा, प्रत्येक भोकात चमचाभर ऑइल सोडा, रात्रभर मुरू द्या. सकाळी इग्निशन बंद ठेवून हळू किक मारा. किक अडली तर जोर लावू नका, रिंगा चिकटलेल्या असतात. ऑइलच्या टाकीचं झाकण उघडून इंजिनातून परतीचं ऑइल पडताना दिसेपर्यंत किक मारत राहा, मगच पेट्रोल. इग्निशनच्या पॉइंटची (ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या संपर्काची) फट ०.०१८ इंच. केहिन कार्बोरेटरमधला ॲक्सिलरेटर पंपाचा पडदा कडक झालेला असणार, तो बदलाच. आणि विकणाऱ्यानं तुम्ही पोचण्याआधीच इंजिन तापवून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी जा. थंड इंजिन कसं सुरू होतं तेच बघायचं असतं.

ब्रेकच्या बाबतीत आत कोणतं फ्लुइड आहे ते ठरवल्याशिवाय वरून भरू नका. सिलिकॉनचं डॉट ५ आणि साधं डॉट ३ किंवा ४ एकत्र चालत नाही. कॅलिपरचे पिस्टन बहुधा अडकलेले असतात, फोर्कची सीलं सुकलेली.

टायरवरचा तारखेचा कोड तीनच आकडी असेल तर टायर २००० च्या आधीचा आहे. प्रदर्शनात शोभतो, रस्त्यावर नाही. काढलेला मूळ टायर, पाइप, अगदी नटबोल्टसुद्धा चिठ्ठी लावून खोक्यात ठेवा. पुढचा गिऱ्हाईक तेच खोकं मागतो.